शेवटची ओळ

"इंचाला चार टाके," पोलादी पट्टी गोधडीवरून उचलत बाई म्हणाल्या. "नियम आठांचा आहे. चार टाक्यांची ती गोधडी नव्हे, अफवा."

वाचनालयाच्या माडीवरच्या त्या खोलीत सात बायकांनी माना आणखी खाली घातल्या. बाई अडतीस वर्षे भूमिती शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आपल्यामागे त्रिकोण-चौकोन बिघडतील, या काळजीपोटी त्यांनी रुग्णालयातल्या मुलांसाठी गोधड्या शिवणारे मंडळ काढले होते. मंडळाचे ब्रीद 'माया' हे होते आणि नियम सत्तावीस. ब्रीद एका पुठ्ठ्यावर मावले. नियमांना भिंत लागली. आजारी मुलाला वाकड्या टाक्यापासून जेवढा धोका असतो, तेवढा आजारापासूनही नसतो, असा बाईंचा सिद्धान्त होता. आणि तो खोडून काढण्याची हिंमत अद्याप एकाही आजाराने दाखवली नव्हती.

नापास गोधडी बाईंच्या धाकट्या जावेची होती. दीर गेल्यापासून ती एकटीच राहत असे. मंगळवार दुपारचे हे तीन तास सोडले, तर आठवडाभर तिच्याशी बोलणारा एकटा रेडिओ होता. आणि त्यालाही ऐकून घेण्याची सवय नव्हती.

"जाऊबाई, बोटं वळत नाहीत हो हल्ली," ती म्हणाली. "पण ऊब तर तेवढीच लागते ना?"

"ऊब काय, कुणीही देतं. आपण शिवण देतो."

"राहू द्या की बाई," दंतवैद्याची बायको मध्ये पडली. "चहा किती छान करते ती!"

"मग तिनं चहाचं मंडळ काढावं. नातं घरी. इथे नियम एकोणिसावा: तीनदा नापास, की नाव कमी. ही तिसरी."

बाईंनी हजेरीपट उघडला आणि लेखणीचे टोपण काढले. धाकटीने सुई डबीत ठेवली. डबी पिशवीत टाकली. मग उगाचच ती पुन्हा बाहेर काढून पुसली. तेवढाच वेळ गेला.

एवढ्यात बालविभागातली परिचारिका जिना चढून वर आली. तिला धाप लागली होती. काखेतले गाठोडे तिने टेबलावर सोडले. त्यातून जे बाहेर पडले, ते कोणे एके काळी गोधडी असावे. वरचे कापड एकीकडे, अस्तर दुसरीकडे, आणि दोघांना धरून ठेवणारी धाग्याची एकुलती एक ओळ काठाशी जीव मुठीत धरून उभी.

बाईंनी कोपऱ्यावरची खूण पाहिली. धाकटीचीच; पहिल्यांदा नापास झालेली, पण कापड वाया नको म्हणून पाठवलेली. त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू एखादे अवघड प्रमेय स्वतःहून सिद्ध होऊन दारात आले होते.

"पाहिलंत? मी म्हणते म्हणून नाही. दवाखान्यातून परत आली! चार महिने टिकली नाही."

"आपोआप सुटली नाही, बाई," परिचारिका म्हणाली. "अकरा नंबरच्या खाटेवरच्या मुलीनं उसवलीय. पाच वर्षांची आहे. सुई टोचायला गेलं, की सगळा विभाग डोक्यावर घ्यायची. मग मीच तिला नाद लावला. एक सुई घेतली, की एक ओळ ओढायची. आता हात स्वतःहून पुढे करते."

"आमच्या इतक्या गोधड्या असताना नेमकी हीच?"

"बाकीच्यांत नखसुद्धा शिरत नाही, बाई."

बाईंनी ही स्तुती समजून मान लववली. त्या हट्टी होत्या. पण पुराव्यापुढे हटवादीपणा करणे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हते. त्यांनी हजेरीपट मिटला, क्षणभर विचार केला आणि तिथल्या तिथे नियम अठ्ठाविसावा उच्चारला: मंडळात यापुढे एक सैल विभाग राहील; त्याची प्रमुख धाकटी; इंचाला टाके चार. "पाच खपवून घेतले जाणार नाहीत," त्यांनी सर्वांना बजावले. शिस्त ढिली पडू नये म्हणून ढिलाईलाही शिस्त लावण्यात आली. दंतवैद्याच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. धाकटीची डबी पुन्हा टेबलावर आली.

"चला, कार्य सिद्धीस गेलं," बाई तृप्तपणे म्हणाल्या. "म्हणजे पोर बरी होऊन घरी चालली तर!"

परिचारिका खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"मी तिला सांगितलं होतं, ओळी संपल्या की घरी. तेव्हा डॉक्टर तीस सुया म्हणाले होते. ओळी बत्तीस होत्या. मला वाटलं, दोन शिल्लकच राहतील." तिने काठाशी उरलेल्या ओळीवर बोट ठेवले. "आता ते आकडाच सांगत नाहीत. आज सहाला पुढची सुई आहे. धुवायला नेते, अशी थाप मारून ही उचलून आणली. तिला दहाच्या पुढं मोजता येत नाही, बाई. तेवढाच आधार आहे."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

धाकटीने दोन्ही कापडे एकमेकांवर नीट पसरली. दोरा ओवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला.

"किती ओळी घालू, जाऊबाई?"

बाई खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. गोधडीचे दुसरे टोक त्यांनी आपल्या मांडीवर घेतले.

"मोजू नकोस," त्या म्हणाल्या. "घालत राहा."