पाठवणीचा ढोल

खार्टूमच्या रेडिओने सार्वमताचा निकाल सांगितला: दक्षिण सुदान आता वेगळा देश होणार. दक्षिणेतून इथे उत्तरेत येऊन राहिलेल्या अयेनची मुलं अंगणात नाचू लागली. तिने त्यांना गप्प केलं आणि फाटक लावलं. भिंतीपलीकडे उत्तरेकडची बतूल राहत होती. अयेनची चारही बाळंतपणं तिनेच केली होती. देश तुटल्याचा आनंद तिच्या कानावर कसा घालायचा? तेवढ्यात फाटक वाजलं. काखेत लग्नातला ढोल घेऊन बतूल उभी होती. "फाटक कशाला लावलंस गं? देश मिळालाय तुम्हाला, चोरी नाही केलीत." "ताई, आता आम्हाला जावं लागेल." "माहितेय. लेक सासरी निघाली की आपण तिला गुपचूप पाठवतो का? नाच बघू." बतूल ढोल वाजवू लागली. गल्लीतली सगळी लग्नं गाजवणारा तिचा हात आज सारखा चुकत होता. अयेन त्या चुकलेल्या तालावरच नाचत राहिली.