चौसष्टावी बाई

काउंटरमागचा माणूस पडलेलं पेन उचलायला खाली वाकला आणि त्याच्या जागी दुसराच वर आला. दोघांचे शर्ट सारखे, उंची सारखी. चेहऱ्यांत मात्र काडीचं साम्य नाही. समोर उभ्या असलेल्या शिवणकामवाल्या बाईंनी त्याच्याकडून पेन घेतलं, फॉर्म भरला आणि सांगितलेल्या खोलीत जाऊन बसल्या.

खरा प्रयोग तेवढाच होता. आत चित्रं दाखवायची ती नावापुरती. आतापर्यंत त्रेसष्ट जणांसमोर माणूस बदलला होता आणि एकालाही त्याचा पत्ता लागला नव्हता. त्यात एक वकील होते, एक तिकीट तपासनीसही होता. डोळे उघडे असले म्हणजे दिसतंच असं नाही, असा शोधनिबंध संशोधक मॅडमनी जवळजवळ लिहूनच टाकला होता.

इतर लोक वेळ जात नाही म्हणून येत. या बाई मात्र दुकान बंद ठेवून आल्या होत्या. आपल्याला चेहरे नीट ओळखता येतात की नाही, एवढंच त्यांना तपासून हवं होतं. घरचे म्हणत, नाही येत. तीन वर्षं म्हणत होते. आता त्यांनाही ते पटलं होतं. हे सगळं त्यांनी ब्लाउजचं माप सांगावं तसं सांगितलं.

चित्रं संपल्यावर मॅडमनी ठरलेला प्रश्न विचारला. बाहेर काही वेगळं जाणवलं का?

"माणूस बदलला," बाई म्हणाल्या. "पहिल्याच्या भुवईवर टाके घातल्याची खूण होती."

मॅडम लिहायच्या थांबल्या. मग तेव्हाच का नाही बोललात, असं त्यांनी विचारलं. बोललं की लोक वेड्यात काढतात, असं बाई म्हणाल्या.

मॅडमना मनापासून आनंद झाला. मावशी, चौसष्ट जणांत तुम्ही एकट्याच, तुमची नजर शंभर नंबरी आहे, घरच्यांना खुशाल सांगा, असं त्या भराभर बोलून गेल्या.

बाईंना आनंद झाला नाही. काहीच झालं नाही. त्या टेबलाकडे बघत राहिल्या.

"अपघातानंतर दवाखान्यात चादर बाजूला करून दाखवलं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, हा माझा मुलगा नाही. भाऊ म्हणाला, दुःखात आईला ओळखू येत नाही. डॉक्टरही तेच म्हणाले. मग मी हो म्हटलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तीन वर्षं मी त्याला शोधलंच नाही."