दोन पायली दळण

“घेऊन टाकू,” संपत म्हणाला आणि स्वतःच दचकला. मंचरच्या दुकानात उभं राहून एवढं महाग यंत्र आपण मागतोय, यावर त्याचाच विश्वास बसेना. चपलेचा अंगठा तीन-तीनदा शिवून वापरणारा हा गडी. पण गेल्या महिन्याभरात त्याला अशी भीती बसली होती, की तिच्यापुढे चिकटपणाचंही काही चालत नव्हतं.

घरघंटी छोट्या कपाटाएवढी होती. दुकानदाराने वरून गहू ओतले, बटण दाबलं आणि खालच्या डब्यात पीठ पडलं. जाळी बदलून त्याने बेसन काढलं, मग हळद. मसाला, मिरची, इडलीचा रवा, सगळं याच्यातच होतं म्हणाला. “वहिनी, आता गिरणीचं तोंड बघायला नको.”

संपतच्या बायकोने, अश्विनीने, पीठ चिमटीत धरून पाहिलं. “मिरची दळल्यावर भाकरी खाताना ठसका लागंल.”

दुकानदाराने साफ करायचा ब्रश दाखवला.

“आन् लाईट? आमच्याकडं अर्धा दिवस नसती.”

“मग गिरणीला कुठून येते, वहिनी?” दुकानदार हसला. तिने तोंड फिरवलं.

संपतला संताप आला. हे यंत्र घ्यायचं ते कुणासाठी? अवसरी बुद्रुकपासून त्यांची वस्ती अर्ध्या कोसावर. वाटेच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस. त्या उसात बिबट्या होता. पंधरा दिवसांपूर्वी त्याने शेजारच्या हौशीरामच्या गोठ्यातलं वासरू ओढून नेलं. परवा संपतच्या कुत्र्याची नुसती साखळी उरली. गावात वीज चारनंतर यायची, तेव्हा गिरणी सुरू व्हायची. दळण घेऊन अश्विनी परत फिरेपर्यंत दिवेलागण झालेली असायची. डोक्यावर डबा, एका हाताने तो धरलेला, दुसऱ्या हातात चमचा, बिबट्या बुजावा म्हणून कमरेला बांधलेली ताटली वाजवायला. संपत अंगणात उभा राहून तो आवाज ऐकायचा. मधेच आवाज थांबला की तो वाटेकडे चार पावलं टाकायचा.

पोतंभर गहू मोटरसायकलवरून दळून आणतो म्हणाला, तर पीठ जुनं झालं की किडं व्हत्यात, हे तिचं उत्तर. मीच जातो म्हणाला, तर गडी माणूस दळणाच्या रांगेत बसला की गाव हसंल म्हणाली. आठवड्यातून दोनदा, दोन पायली गहू, आणि ती स्वतः. यात बदल नाही.

“तुला भ्या वाटत न्हाई का गं?” दुकानाबाहेर त्याने विचारलं.

“वाटतं की. लई वाटतं,” ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

शुक्रवारी पक्कं सांगतो असं दुकानदाराला कळवून संपत घरी आला. गुरुवारी अश्विनीने पुन्हा डबा भरला. एक दिवस थांब म्हणाला, तर पीठ संपलंय म्हणाली. आणि गेली.

दिवस मावळला. ताटलीचा आवाज आला नाही. संपत वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. अंधारून आलं तरी आवाज नाही. त्याने कोयता आणि बॅटरी घेतली आणि पळत सुटला. उसात काहीतरी सळसळलं. “अश्विनी!” तो ओरडला. ऊस नुसता हलत राहिला. बॅटरीचा उजेड तो वाटेवर टाकत होता आणि सांडलेलं पीठ दिसू नये म्हणून देवाला विनवत होता.

गिरणीचा पट्टा थांबलेला होता. गिरणीवाला इस्माईल पायरीवर बसला होता.

“भाई, आमच्या घरचं दळण?”

“ते तर कवाच झालंय, भाऊ. तास झाला.”

संपत तसाच वाटेकडे वळला. पण इस्माईलने मान खाली घातली आणि हळूच आत बोट दाखवलं.

आत पोत्यांच्या आडोशाला दोन बाया होत्या. एकीचे दिवस भरत आलेले. अश्विनी तिचे केस विंचरत होती आणि ती मांडीवरच्या फडक्यातली पुरणपोळी खात होती. ती तेजस्विनी, अश्विनीची पाठची बहीण. संपतच्या चुलतभावाची, भरतची बायको. दोन वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून दोघा भावांचं फाटलं, तेव्हा संपतने खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेतली होती. त्या घरातल्या माणसाशी जो बोलेल, त्याला माझ्या घरात जागा नाही. असं चारचौघांत, मोठ्याने, मिशीवर हात फिरवून म्हणाला होता.

अश्विनीने वर पाहिलं. कंगवा तिच्या हातून पडला. बिबट्याच्या वाटेने दर खेपेला जीव मुठीत धरून येणारी ती बाई आता थरथर कापत उठली आणि बहिणीच्या पुढे आडवी उभी राहिली.

ती कशाकडे पाहतेय ते संपतला उशिरा कळलं. त्याच्या हातात अजून कोयता होता. त्याने तो बाहेर नेऊन भिंतीला टेकवला. परत येऊन उंबऱ्यात बसला.

“ते यंत्र राहू दे,” तो अश्विनीला म्हणाला. मग डब्यात न डोकावताच इस्माईलकडे वळला.

“भाई, दळण लई जाड आलंय. परत एकदा टाका. आमाला घाई न्हाई.”