एका खुंट्यावर दोन हात

दाराची कडी खुळखुळली, तशी जात्याच्या खुंट्यावरचा वैजयंताचा हात थांबला. तिनं बाप्तिस्मा घेतल्यापासून चार महिन्यांत गावातल्या कुणी ती कडी वाजवली नव्हती. "आधी दारावरचा क्रूस काढ, मग दळण आण," असं गिरणीवाल्यानं बजावलं होतं. क्रूस जागच्या जागी राहिला आणि अडगळीतलं जातं बाहेर आलं. सुरुवातीला तळहातांना फोड यायचे, आता चांगले घट्टे पडले होते.

दारात गिरणीवाल्याची आई उभी होती. पदराखाली बाजरीची टोपली, नजर मात्र क्रूसावर.

"अजून तिथंच आहे होय गं?"

"तिथंच आहे, आत्याबाई."

"हट्टी आहेस बाई!" मग म्हातारीचा आवाज उतरला. "दोन दिवस वीज नाही, गिरणी बंद. लेक बाळंतीण, अन् तिच्या भाकरीला घरात पीठ नाही."

वैजयंताच्या जिभेवर चार महिन्यांचं सगळं येऊन थांबलं. तिनं मनातल्या मनात प्रभूचं नाव घेतलं, आपलं दळण बाजूला सारलं आणि म्हातारीला बसायला पोतं अंथरलं.

समोरासमोर बसून दोघींनी एकच खुंटा धरला. वैजयंता रविवारच्या उपासनेतलं गाणं गुणगुणू लागली. म्हातारीनं आधी नाक मुरडलं. पण टोपलीत पीठ पडेपर्यंत तिची मानही डोलायला लागली होती.

ती गेली. वैजयंता हलक्या मनानं जातं पुसत होती, तोच तिची पाच वर्षांची चिमी म्हणाली, "आई, वीज आल्यावर गिरणीवाले आपलं दळण घेतील?"