चारचौघांतला आवाज

“अहो, दमलात ना? बसा जरा,” वृषालीच्या गळ्यातली पट्टी बोलली. आवाज हुबेहूब तिचाच होता.

मकरंद पलंगाच्या कडेला टेकला. तिला आंघोळ घालून, तिचे केस विंचरून त्याची पाठ भरून आली होती. दिवाळीत तिला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. आता ही पट्टी तिच्या मनातलं ओळखायची आणि तिच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून शिकलेल्या भाषेत बोलायची. रेकॉर्डिंग मकरंदनेच शोधून दिलं होतं. बारशी, साखरपुडे, नणंदांचे फोन, सगळं चारचौघांतलं. चारचौघांत ती त्याला अहो-जाहो करायची. खोलीचं दार लागलं की मात्र, “अरे मक्या, काय हा पसारा मांडलायस!” ते कोण कशाला रेकॉर्ड करून ठेवतंय?

“एकदा अरे म्हण ना गं,” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

“अहो, तेच तर म्हणतेय मी,” पट्टी म्हणाली.

मकरंद गुडघ्यांवर हात टेकत उठला आणि त्याने दार लावून घेतलं. तो वळला तेव्हा वृषाली डाव्या हाताने गळ्यातली पट्टी ओढत होती. पट्टी निघाली. वाकडे झालेले ओठ बराच वेळ नुसतेच हलले.

“अ…”

पुढचं अक्षर काही आलं नाही.

“काय गं?” म्हणत तो तिच्याशेजारी आडवा झाला. दार तर लागलेलंच होतं.