बोर्डावरचा दर

“स्ट्रेस इकोचे किती घेता?” एकभावांनी काउंटरवर कोपर टेकवत विचारलं.

“बोर्डावर लिहिलंय, काका.”

“ते वाचलं. कमीत कमी किती?”

“तेवढेच. आमच्याकडे घासाघीस नसते.” काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरवरून मान वर केली. “पेशंट कोण?”

“आमची मंडळी. जिना चढताना छातीत भरून आलं म्हणाली. डॉक्टर म्हणाले, आधी पट्ट्यावर चालवून हृदयाची सोनोग्राफी करा, मग बघू.”

“मग करून टाका ना. चालढकल करू नका.”

“हा दर कधीपासून आहे?”

“दोनेक वर्षं झाली असतील.”

“म्हणजे गेल्या वर्षीही हाच?”

मुलीला हसू आलं. “काका, गेल्या वर्षी स्वस्त असता, तरी त्या दरात आज कोणी करून दिलं नसतं. पण हाच होता.”

“बरं,” एकभाव म्हणाले आणि तिचे दोनदा आभार मानून निघाले.

एकभाव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बटणं, चेन, हूक आणि दोऱ्यांची रिळं विकणाऱ्या या माणसानं जन्मात कधी भाव केला नव्हता आणि कुणाला करू दिला नव्हता, म्हणून शिंप्यांनी हे नाव पाडलं. विकताना एकच भाव, घेतानाही एकच. समोरचा सांगेल तो आकडा मुकाट्यानं द्यायचा, नाहीतर मुकाट्यानं चालू पडायचं. “किती कमी करणार?” हे विचारणं त्यांना हात पसरण्यासारखं वाटे. बायको त्यांना बाजारात सोबत न्यायची नाही. म्हणायची, “हे दिसले की भाजीवालीला दिवाळखोरीतून बाहेर आल्यासारखं वाटतं.”

अशा माणसाला एकेका काउंटरवर जाऊन “कमीत कमी किती” म्हणायचं म्हणजे केवढं संकट! पहिल्यांदा तर जीभ टाळूला चिकटली होती. आता सवय झाली. दुपारी दुकानाचं शटर ओढायचं आणि एखादं नवं तपासणी केंद्र गाठायचं, असं चाललं होतं. कुठे जास्त सांगत, कुठे थोडं कमी. पण एकभावांना परवडेल असा दर कुठेच नव्हता.

विचारून झालं तरी ते लगेच उठत नसत. थंडगार खोलीतल्या खुर्चीवर थोडा वेळ टेकत. तिथे सगळी माणसं जोडीनं आलेली. आत गेलेल्या बायकोची पर्स मांडीवर घेऊन एखादा नवरा अवघडून बसलेला, एखादी सून सासऱ्यांच्या बुटांची नाडी बांधत असलेली. एकभावांच्या हातात धरायला काही नसे. कुणाशी बोलावं तर काय बोलावं? त्यांना तिथे फार एकटं वाटे, आणि तरी घरी जावंसं वाटत नसे.

रविवारी त्यांच्या लेकीचा फोन आला. ती लांब राहायची.

“बाबा, परत गेला होतात?”

“गेलो होतो. तिथेही महागच.”

“अहो, कशाला पायपीट करताय? दुकानात बसा, वेळेवर जेवा.”

“एकच ठिकाण राहिलंय गं. तेवढं विचारलं की झालं.”

“तब्येतीला जपा,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर एकभावांनी भात लावला आणि तो होईपर्यंत ओट्याशी उभे राहिले.

राहिलेलं ठिकाण म्हणजे त्यांच्याच रस्त्याच्या कोपऱ्यावरचं केंद्र. जवळचं ते नेहमी राहूनच जातं, अशी ते स्वतःची समजूत घालत. पण मंगळवारी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि काचेचा दरवाजा ढकलला.

काउंटरवर एक पोक्त बाई होत्या. एकभावांचा चेहरा बघून त्यांनी आधी खुर्ची दाखवली, मग पाणी दिलं.

“स्ट्रेस इकोचे कमीत कमी किती?”

“तुम्ही खिशातून भरणार की विमा आहे?”

“खिशातून.”

“मग तो बोर्ड विसरा. तो विमा कंपन्यांसाठी. खिशातून भरणाऱ्याला निम्मे. आणि तेही जड जात असतील तर आमचे डॉक्टर म्हणतात, जमतील तेवढे घ्या, उरलेले सावकाश येतील. कुणाला परत पाठवायचं नाही.”

“असं बोर्डावर का नाही लिहीत?”

“लिहिलं तर विमावाले तोच दर धरून बसतील! आम्ही सांगत नाही, पण कुणी विचारलं तर नाही म्हणत नाही.”

एकभावांनी ग्लास खाली ठेवला.

“हे कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. मी आहे ना इथे तेव्हापासून.”

“गेल्या वर्षीसुद्धा?”

“गेल्या वर्षीसुद्धा.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं बाईंनी पाहिलं. असे बरेच जण त्यांनी पाहिले होते. डोक्यावरचं ओझं उतरलं की माणूस रडतो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, आता कसली काळजी? उद्या सकाळीच घेऊन या त्यांना. सैल कपडे घाला म्हणावं. काय नाव लिहू?”

“लिहू नका,” एकभाव म्हणाले. “गेल्या वर्षी तिला घेऊन याच दारापर्यंत आलो होतो. बोर्ड वाचला आणि काही न विचारता परत फिरलो. ती गेली, तेव्हापासून दारोदार विचारत फिरतोय, ते एवढंच ऐकायला की तेव्हा कुणीही, कुठेही, स्वस्तात करत नव्हतं.”