एका ओळीचं काम

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि मधेच थबकल्या. शेवटच्या ओळीत ‘पॅनिक’ असा इंग्रजी शब्द होता.

कुंडलिकनाना खुर्चीत मागं टेकले. “अडकलं,” ते म्हणाले.

त्यांच्या मागं उभ्या असलेल्या मुलाला, गोरखला, कारण एका नजरेत कळलं. पुण्यात कंपनीत तो दिवसभर हेच करायचा. कर्नल, म्हणजे सगळ्या सिस्टिमचा गाभा, जागा झाला होता; पण बाकीचं सगळं ज्या डिस्कवर ठेवलं होतं, ती डिस्कच त्याला दिसत नव्हती. कर्नल तयार करताना एका ओळीसमोर चुकीची खूण राहिली होती, एवढंच.

“नाना, उठा. मी बघतो.”

नाना उठले नाहीत. पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात आता बऱ्यापैकी चालत होता, पण बोलताना शब्द सापडायला वेळ लागायचा. मंचरच्या टेलिफोन ऑफिसात सगळी नोकरी झालेला माणूस. दवाखान्यातून अवसरीला घरी आल्यावर त्यांनी गोरखचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढायला लावला. तयार सिस्टिम टाकून देतो, असं गोरख म्हणाला होता. नाना नको म्हणाले. त्यांना ती मूळ कोडपासून, एकेक भाग स्वतः बांधून उभी करायची होती. दिवाळीपासून ते त्यातच होते.

“गोरख, हिकडं ये,” सारजाबाईंनी पडवीतून हाक मारली. “वाटाणा सोलायचाय.”

तो गेला, पण शेंगेला हात लावला नाही. “आई, एका ओळीचं काम आहे. मी सांगितलं तर आत्ता चालू होईल.”

“मग ती ओळ त्यांनाच सापडू दे की.”

“नाही सापडली तर? दिवसभर डोकं धरून बसतील.”

सारजाबाईंनी शेंग मोडली. “दवाखान्यातनं आल्यापास्नं ते बोलाया लागले की त्यांचं वाक्य आपणच पुरं करतोय. तू करतो, डॉक्टर करतो, मी बी करते. त्या मशीनपुढं बसल्यावर तेवढं मधी कुणी बोलत न्हाई.”

गोरखनं सूप पुढं ओढलं.

खिडकीतून त्याला पडदा दिसत होता. नानांनी कॉम्प्युटरवर आधीपासून असलेली जुनी सिस्टिम चालू केली, कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची भलीमोठी यादी उघडली आणि फायलींच्या भागात शिरले. तिथं नाही, नाना. शब्द ओठांवर आले. गोरखनं चार दाणे तोंडात टाकले. नाना एकेक ओळ वाचत खाली गेले, पुन्हा वर आले. तिथं सगळं बरोबर होतं.

मग ते उठून पडवीत आले. माठातलं पाणी प्यायले आणि रिकामा पेला हातात धरून अंगणाकडं बघत उभे राहिले.

“लाइन हाय,” ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. “लाइन चांगली हाय. पण पलीकडं…”

शब्द अडला. नानांचा जबडा नुसताच हलला. गोरखचं तोंड उघडलं. सारजाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं ते मिटलं. एक कोंबडी अंगणातून चालत गेली.

“…पलीकडं कुणी उचलीत न्हाई,” नाना म्हणाले. पेला माठावर ठेवला आणि आत गेले.

या वेळी ते फायलींकडं वळलेच नाहीत. डिस्कला मदरबोर्डाशी जोडणाऱ्या भागात गेले आणि बोट पडद्याला लावून खाली सरकत राहिले. एका ओळीसमोर M होता. म्हणजे ती गोष्ट कर्नलच्या आत नव्हती, डिस्कवर ठेवलेली होती. आणि डिस्क उघडायला तर तीच लागत होती. नाना हसले. त्यांनी M च्या जागी तारा केला, म्हणजे आता ती कर्नलच्या आतच बसणार होती.

कर्नल पुन्हा तयार व्हायला पुष्कळ वेळ लागला. पंखा घरघरत होता. तिघं जेवली. वाटाण्याची उसळ झाली होती. नानांनी भाकरी चुरली ती उजव्या हातानं.

उन्हं कलल्यावर नानांनी मशीन बंद करून चालू केली. ओळी सरकल्या, थबकल्या, पुढं गेल्या. शेवटी सिस्टिमनं नाव विचारलं. नानांनी एकेक अक्षर दाबून ते दिलं. पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकत राहिली.

सारजाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. “चाललं?”

“चाललं.”

“मग आता काय करतंय?”

“थांबलंय. मी काय सांगतो त्यासाठी.”

नाना खुर्चीसकट वळले आणि त्यांनी गोरखकडं रोखून बघितलं. “तुला कळलं व्हतं का रे, काय चुकलंय ते?”

“नाही, नाना. मला वाटलं डिस्कच गेली.”

 नानांनी पायानं स्टूल त्याच्याकडं सरकवलं.

“बस. सांगतो.”

गोरख बसला. नाना अडत अडत, अगदी पहिल्यापासून सांगू लागले. ज्या एसटीनं त्याला पुण्याला परतायचं होतं, ती फाट्यावरून गेली तेव्हा ते अजून डिस्कपर्यंत पोचलेही नव्हते.